‘किलोमागे ६५ रुपये खाल्ले’ या अभिप्रायास दुकानाच्या वतीने उत्तर

महोदय,

दिवाळीच्या भेटडब्यांसाठी आपण आमच्याकडे नोंदवलेली बदामगिरी आणि अक्रोडाचा गर ठरलेल्या दिवसानंतर आपल्या हाती पडला, आणि त्याबाबत आपण केलेल्या फोनवर आपल्याला सरळ उत्तर मिळाले नाही, याबद्दल मी दुकानाच्या वतीने दिलगिरी व्यक्त करतो. सणाच्या तोंडावर डबे अर्धवट भरून ठेवावे लागणे किती मनस्तापाचे असते, याची आम्हाला जाणीव आहे.

आपण दिलेल्या एका ताऱ्याबद्दल मी वाद घालणार नाही. परंतु अभिप्रायात आपण असेही लिहिले आहे, की ‘हे कवचाचा बदाम ३५ रुपये शुल्कात आणतात, गिरीला १०० रुपये शुल्क लागते असे सांगून भाव लावतात आणि किलोमागे ६५ रुपये खातात, ही ग्राहकाची आणि सरकारची चोरी आहे.’ गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार विभागात आमचे दुकान वडिलांच्या काळापासून आहे आणि आमचा सगळा व्यवहार शब्दावर व बिलावर चालतो. हे वाक्य उत्तराविना तसेच राहिले तर उद्या येणारे ग्राहक तेच खरे धरतील, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण दिलेले दोन्ही आकडे बरोबर आहेत. आयातीच्या दरसूचीत बदाम ०८०२ या शीर्षकाखाली येतो. त्यात कवचासह बदामाला ०८०२ ११ आणि कवच काढलेल्या गिरीला ०८०२ १२ असे वेगळे क्रमांक आहेत. आपला माल ज्या कंटेनरमधून आला त्याची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे जाहीरपत्र, दाखल झाली तेव्हा पहिल्यावर किलोला ३५ रुपये आणि दुसऱ्यावर किलोला १०० रुपये मूळ सीमाशुल्क होते. मात्र माल कोणत्या क्रमांकात घालायचा हे नंतर दुकानात तो कोणत्या रूपात विकला जातो यावर ठरत नाही, तर न्हावाशेवा बंदरात कंटेनर उघडल्यावर आत काय आहे यावर ठरते. आमच्या कंटेनरमध्ये कवचाचाच बदाम होता, कवचाचाच म्हणून जाहीर केला होता आणि त्यानुसारच शुल्क भरले. तो पुण्यात आणून फोडणे आणि त्याची गिरी विकणे हा उघड, कायदेशीर धंदा आहे व देशातील कितीतरी व्यापारी तो करतात. आत गिरी असताना कवचाचा माल म्हणून कागद केले असते तर ती चोरी झाली असती. स्वतःच्या मालाचे वर्गीकरण आणि शुल्क आयातदाराने स्वतः जाहीर करायचे असते, आणि ते खोटे निघाले तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११ खाली माल जप्त होऊ शकतो, वर दंडही होतो. सारे भांडवल एका कंटेनरमध्ये अडकलेला माणूस किलोमागे काही रुपयांसाठी असला धोका पत्करत नाही.

आता त्या ६५ रुपयांचा हिशेब पाहू. आपण १०० मधून ३५ वजा केले, परंतु एक किलो कवचाच्या बदामातून एक किलो गिरी निघत नाही. कॅलिफोर्नियाच्या नॉनपरेल जातीचे कवच कागदासारखे पातळ असते, तरीही चांगल्या मालात वजनाच्या साधारण ६५ ते ७० टक्केच गिरी हाती लागते. म्हणजे एक किलो गिरीसाठी सुमारे १४३० ते १५४० ग्रॅम बदाम आणावा लागतो आणि त्यावरचे शुल्क ५० ते ५४ रुपये होते. जे कवच शेवटी पोत्यात भरून बाहेर जाते, त्याचेही शुल्क आम्ही भरलेले असते. त्यामुळे फरक ६५ रुपयांचा नसून ४६ ते ५० रुपयांचा आहे, आणि तोही आमच्या गल्ल्यात पडत नाही. कवचामुळे माल फुगीर होतो, त्यामुळे त्याच कंटेनरमध्ये तो वजनाने कमी बसतो आणि किलोमागे जहाजभाडे वाढते. यंत्रातून निघालेल्या प्रत्येक खेपेत काही गिरी तुटते, काहींवर ओरखडे येतात. ती मिठाईवाल्यांना तुकडा म्हणून कमी भावात जाते. उरलेली गिरी टेबलावर पसरून आमच्याकडच्या बायका हाताने निवडतात, कारण कवचाची बारीक कपची गिरीच्याच रंगाची असते, ती चाळणीतून सुटते आणि खाणाऱ्याच्या दाताखाली येते. आपण अख्खी, मोठ्या दाण्याची, एकही ओरखडा नसलेली गिरी मागितली होती आणि ती आपल्याला तशीच मिळाली, हे आपल्याच अभिप्रायात लिहिलेले आहे. त्या निवडीचा खर्च त्याच ४६ ते ५० रुपयांतून भागवावा लागतो. नारळाच्या भावात खोबरे द्या, असे पुण्यात कोणी म्हणत नाही. मग बदामाच्या बाबतीतच असा हिशेब का लावावा?

अक्रोडाकडे पाहिले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. अक्रोडाला कवचासह ०८०२ ३१ आणि गराला ०८०२ ३२ असे दोन क्रमांक असले, तरी दोन्हींवर शुल्क सारखेच, म्हणजे मूल्याच्या १०० टक्के होते. तिथे क्रमांकाच्या फरकातून कोणाला काही खाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, तरीही अक्रोडाचा गर कवचाच्या अक्रोडापेक्षा महागच विकला जातो, कारण निम्म्याच्या आसपास वजन कवचातच जाते. शिवाय बदामावरील शुल्क किलोवर ठरलेले आहे आणि अक्रोडावरील मूल्यावर, त्यामुळे परदेशात अक्रोडाचा भाव किंवा डॉलर वाढला की शुल्कही त्यासोबत वाढते. अक्रोड महाग लागला ही आपली तक्रार मी समजू शकतो, परंतु त्याचे कारण आमच्या दुकानात नाही.

शुल्क कमी होऊनही भाव उतरले नाहीत, असेही आपण म्हटले आहे. जून २०१९ मध्ये अमेरिकेतून येणाऱ्या मालावर वाढीव शुल्क लागले होते. त्यामुळे तिथल्या बदामगिरीवर किलोला १२० रुपये पडत होते, तर कवचाच्या अक्रोडावर १२० टक्के. ती वाढ काढण्याचा निर्णय २०२३ मध्येच झाला आणि तेव्हापासून आमच्या भावात जुने शुल्क धरलेले नाही. ऑस्ट्रेलियाचा बदाम निम्म्या शुल्कात येतो, हेही खरे आहे. परंतु २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारातील ही सवलत वर्षाला ३४,००० टनांच्या मर्यादेत आहे आणि तिच्यासाठी मूळ देशाचे प्रमाणपत्र लागते. आपला माल कॅलिफोर्नियाचा होता व पाकिटावर तसे छापलेले आहे. जीएसटीच्या बाबतीत म्हणाल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदामावरील दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि आपल्या बिलावर ५ टक्केच लावलेले आहेत. कृपया बिल पुन्हा पाहावे. बंदरात भरलेल्या जीएसटीची वजावट आम्हाला मिळते, मूळ सीमाशुल्काची मिळत नाही. ते थेट मालाच्या किमतीत जाते. दुकानदार ‘शुल्क, शुल्क’ म्हणतो ते यासाठी.

‘कस्टममध्ये अडकले’ हे ठरलेले उत्तर आहे, असे आपल्याला वाटले. आपल्या मालाच्या बाबतीत सीमाशुल्काचे मूल्यांकन वेळेत झाले होते आणि मालातून कीड-रोग येत नाही ना हे पाहणाऱ्या वनस्पती संगरोध विभागाची तपासणीही झाली होती. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मात्र नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवला. अहवालाला पाच दिवसांची मुदत असते आणि त्यात सुट्ट्या आल्या. थेट खाण्याच्या सुकामेव्यात बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष किलोला १० मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही आणि तो अहवाल आल्याशिवाय माल बंदराबाहेर काढता येत नाही, काढूही नये. तोपर्यंत बंदरातील आणि कंटेनरचे भाडे आमच्या नावावर चढत होते, त्यातील एक रुपयाही आपल्या बिलात धरलेला नाही. फोनवरील मुलाने एवढे सगळे सांगण्याऐवजी ‘कस्टम’ हा एकच शब्द उच्चारला, तो अपुरा होता, पण माल बंदरात अडकला होता हे खोटे नव्हते. फोनवर कसे उत्तर द्यावे याबाबत दुकानात सूचना दिल्या आहेत, आणि सणाच्या मागण्या यापुढे शक्यतो हाती असलेल्या मालावरच घेण्याचा आमचा प्रयत्न राहील.

एक गोष्ट नाइलाजाने नमूद करावी लागते. आपण नवी मुंबईतील वाशीच्या घाऊक बाजारातल्या ज्या भावाशी तुलना केली, तो कवचाच्या बदामाचा, पोत्यावरचा ठोक भाव होता. आपण त्याचे छायाचित्र काउंटरवर दाखवले तेव्हाही आमच्या माणसाने हे सांगितले होते, परंतु ते ऐकून घेण्याइतका वेळ त्या दिवशी आपल्याकडे नव्हता.

आपल्या मालाची बिल ऑफ एंट्री, शुल्क भरल्याची पावती आणि प्रयोगशाळेचा अहवाल ही तिन्ही कागदपत्रे दुकानात काढून ठेवली आहेत. आपण किंवा आपले सनदी लेखापाल कामकाजाच्या कोणत्याही दिवशी येऊन ती पाहू शकता; तिथेच किलोभर बदाम आपल्यासमोर फोडून गिरीचे वजनही करून दाखवू. त्यानंतर उशिराबद्दल आणि भावाबद्दल आपले जे मत राहील ते जरूर लिहावे, तारे आहेत तेवढेच राहू द्यावेत. ‘चोरी’ हा शब्द मात्र अभिप्रायातून काढावा, एवढी विनंती आहे.

आपला नम्र,
दुकानमालक, भुसार विभाग, मार्केट यार्ड, पुणे