लाकूड म्हटलं की लगेच कुऱ्हाडच का दिसते?

आज सोसायटीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगमध्ये आर्किटेक्टने सुचवलं, क्लब हाऊसचा सांगाडा काँक्रीटऐवजी लाकडाचा करू. लगेच एक ताई उठल्या, "म्हणजे झाडं तोडायची? आणि वर ग्रीन बिल्डिंग म्हणायचं?" टाळ्या पडल्या. विषय तिथेच संपला. मला अजून शांत बसवत नाहीये.

अरे, सिमेंट काय आभाळातून पडतं? चुनखडीचा दगड साधारण १४५० अंशांवर भाजावा लागतो. त्या भट्टीला उद्या सौरऊर्जा दिली तरी खुद्द दगडातून कार्बन डायऑक्साइड सुटणारच. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. तोडलेलं झाड आपल्याला दिसतं, फोडलेला डोंगर दिसत नाही.

माझी मावशी गिरगावातल्या चाळीत राहायची. बर्मा सागाच्या तुळया, लाकडी जिना, लाकडी कठडे. चाळ पाडत होते तेव्हा मी तिच्याबरोबर खाली उभा होतो. कामगारांनी एक तुळई कापली आणि सागाचा असा वास सुटला, जणू कालच तोडलाय. शंभरी ओलांडलेलं लाकूड! वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. ब्रह्मदेशातल्या झाडाने इंग्रजांच्या काळात हवेतून ओढलेला कार्बन त्या तुळईत तसाच होता. मावशीचा अख्खा संसार त्याखाली झाला.

हो, बेकायदा तोडलेलं लाकूड नकोच. वाळवी आणि मुंबईचा पाऊस याचाही विचार करावा लागेल. मावशीच्या चाळीतसुद्धा गटाराचा पाइप गळायचा तिथे तुळईचं टोक कुजलं होतं, पण तो दोष लाकडाचा की वर्षानुवर्षं पाइप न बदलणाऱ्यांचा? आगीचं म्हणाल तर जाड तुळई बाहेरून कोळसते आणि तो थरच आतल्या लाकडाला बराच वेळ वाचवतो. नॉर्वेत २०१९ साली १८ मजल्यांची लाकडी इमारत उभी राहिली, अमेरिकेत मिलवॉकीला २०२२ मध्ये २५ मजल्यांची. आपल्याकडे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ पासूनची लाकडावरची बंदी २०२० मध्ये उठवली. आम्ही मात्र एका क्लब हाऊसला घाबरतो.

त्या ताईंवर माझा राग नाही. आरेच्या झाडांसाठी आम्ही दोघंही रस्त्यावर होतो आणि आरेतल्या झाडाला हात लावायला माझा आजही विरोधच आहे. पण उभं जंगल वेगळं आणि कापण्यासाठीच लावलेलं, कापल्यावर पुन्हा लावलेलं झाड वेगळं. कोकणातल्या शेतकऱ्याने बांधावर साग लावला तर त्याला गिऱ्हाईक नको?

राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. मावशीच्या चाळीतल्या जाड तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेल्या, त्यांचं फर्निचर तरी झालं असेल. फळ्या, रिपा, कठड्याचे तुकडे मात्र टेम्पोत भरून बेकरीच्या भट्टीसाठी गेले. इतकी वर्षं जपलेला कार्बन जाळून टाकला! मावशी एवढंच म्हणाली, "अरे, त्यातलं एखादं दार तरी ठेवायचं." आमच्या इमारतीतही सागाच्या चौकटी आहेत. त्यांचं काय होणार, हे आज कुणीही विचारलं नाही.

पुढच्या मीटिंगला मी दोन मागण्या लेखी देणार आहे. पाडकामातलं लाकूड जाळायचं नाही, पुन्हा वापरायचं, हे बिल्डरच्या करारात यायला हवं. आणि क्लब हाऊसचा विषय परत मतदानाला ठेवावा. लाकडी बांधकाम केलेले इंजिनिअर कुणाच्या ओळखीत असतील तर मला मेसेज करा. त्यांना मीटिंगलाच बोलावतो, ताईंचे सगळे प्रश्न त्यांच्यासमोर होऊ देत.