पकडीने झाकण निघतं भाऊ, पण परत बसतं का?

शिरपूरच्या एका भाऊंची प्रतिक्रिया आलीय, तिला दोन ओळीत उत्तर देणं बरोबर वाटलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हातातलं जीपीएस (जागा दाखवणारं यंत्र) आणि टॉर्च यांचं अडकलेलं बॅटरीचं झाकण काढायला मी जे सांगितलं, उबेला ठेवा, दोरा घाला, लिंबू लावा, ते सगळे रिकामे उद्योग आहेत. त्यांनी पकड लावली, डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा) मारलं आणि दोन मिनिटात झाकण हातात. आणि माझं ऐकून ज्या टॉर्चला लिंबू लावलं तिची स्प्रिंग मात्र आणखी खराब झाली. वर विचारलंय, खान्देशात हातातलं जीपीएस वापरतं तरी कोण?

लिंबाचं आधी. भाऊ, तिथे तुमचं बरोबर आणि माझं चुकलं. लिंबू किंवा व्हिनेगर चालतं ते अल्कलाईन सेलला, कारण त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साईड गळतं, ते क्षार आहे आणि आंबटाने मरतं, हवेत राहून त्याचीच ती पांढरी खरबरीत पूड होते. पण गावातल्या दुकानात जे स्वस्त साधे सेल मिळतात ते झिंक-कार्बनचे, त्यांचं गळलेलं पाणी मुळात आम्लाकडे झुकणारं, त्यावर परत लिंबू म्हणजे जखमेवर मीठच. तिथे खायचा सोडा थोड्या पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने लावायचा, ओल्या कापडाने पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. सेलवर अल्कलाईन लिहिलंय का ते आधी बघा, हे वाक्य मी लिहायलाच पाहिजे होतं, आता मूळ लेखात टाकलंय. तुमची स्प्रिंग गेली त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण पकडीचं मला पटत नाही. झाकण निघालं म्हणजे काम झालं असं नसतं, ते परत पाणी अडवेल असं बसलं पाहिजे, नाहीतर त्या वस्तूचा अर्धा जीव गेला.

आता वापरतं कोण म्हणाल तर धडगाव-अक्कलकुव्याकडे वनहक्काच्या दाव्यांची मोजणी झाली ती हेच यंत्र हातात धरून प्लॉटच्या कडेकडेने चालत, २००६ च्या कायद्याने जी जमीन मिळायची तिची हद्द अशीच नकाशावर आली. जंगलात फिरणाऱ्यांकडे असतं, आम्हा पक्षी बघणाऱ्यांकडे असतं. आणि टॉर्चचं तर सांगायलाच नको, रावेर-यावलकडे केळीला रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला पायाखाली साप दिसतो तो टॉर्चमुळेच.

माझा स्वतःचा अनुभव तोरणमाळचा. डिसेंबरात दुपारी वर डोंगरावर उन्हात जीपीएसचे सेल बदलले, झाकण लावलं, संध्याकाळी शहाद्याला उतरलो आणि रात्री झाकण काही केल्या हलेना. झाकणावरची डी आकाराची कडी फिरली, म्हणजे लॉक सुटलं होतं, पण झाकण जागचं हलत नव्हतं. मी नखं घातली, किल्ली घातली, प्लास्टिकची कड पांढरी पडली तेव्हा थांबलो. दुसऱ्या दिवशी धुळ्यात एका रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे नेलं, त्यांनी हातात घेऊन नुसतं दाबून बघितलं आणि म्हणाले, "झाकन अडकेल नही शे भो, हवानी धरेल शे."

म्हणजे झाकण अडकलेलं नाही, हवेने धरून ठेवलंय. आणि खरंच तसंच होतं. तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटरवर, तिथली हवा शहाद्यापेक्षा दहा-अकरा टक्के विरळ. ती विरळ हवा झाकणाच्या पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगच्या आत बंद करून मी खाली आणली, वर पस्तीस डिग्रीला तापलेलं यंत्र रात्री पंधरावर आलं त्याने आतला दाब आणखी सहाएक टक्के उतरला. बाहेरची हवा चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलोने दाबते, झाकण धरा २० चौरस सेंटीमीटर, म्हणजे बाहेरून २० किलो, आतून त्यापेक्षा सोळाएक टक्के कमी, म्हणजे तीन किलोच्या वर वजन त्या झाकणावर बसलेलं आणि मी ते नखाने उचलतोय! काकांनी यंत्र दहा मिनिटं शर्टाच्या आत काखेत धरलं, मग जाड दोरा झाकणाच्या फटीत एका कोपऱ्यातून सरकवला, फुस्स असा बारीक आवाज आला आणि झाकण आपोआप वर आलं. कडी पिळायची नाही, कडीतून सुतळी ओवून सरळ वर ओढायचं, हेही त्यांनीच शिकवलं. कड्या तुटतात त्या पिळण्याने.

सेल फुगून झाकण अडलं असेल तर मात्र ऊब अजिबात नको, लिथियमचा सेल असेल तर मुळीच नको. ॲल्युमिनियमच्या टॉर्चला पकड लावली की नळी गोलाची अंडाकृती होते आणि मग आटे कायमचे धरतात, त्यापेक्षा सायकलच्या ट्यूबची पट्टी दोन्हीकडे गुंडाळून दोन हातांनी पिळा, हात घट्ट बसतो आणि नळी वाकत नाही.

डब्ल्यूडी-४० गंजलेल्या नटबोल्टला मीही मारतो, पण रबरी रिंगला नको, पेट्रोलियमच्या तेलाने काही जातीचं रबर फुगतं, आणि आपली रिंग कुठल्या रबराची ते बाहेरून कळत नाही. रिंगला सिलिकॉन ग्रीस, तेही ज्वारीच्या दाण्याएवढं, पाण्याच्या फिल्टरची कामं करणाऱ्यांकडे बहुतेक असतं. ते लावलं तर पुढच्या वेळी झाकण इतकं धरणारही नाही.

तुमचं झाकण पकडीने निघालंय तर आज एवढं करा. वहीच्या कागदाची बोटभर पट्टी रिंगवर ठेवा, झाकण लावून कडी फिरवा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंनी करून बघा. सगळीकडे अडून अडून निघाली तर ठीक आहे. एखाद्या बाजूला सर्रकन निघून आली तर तिथे फट आहे, रिंग बदलेपर्यंत ते यंत्र पावसात उघडं नेऊ नका, झिपच्या पिशवीत ठेवा. कुठल्या बाजूला सैल लागली ते मला कळवा, पकड लावली होती तीच बाजू असेल असं मला वाटतंय.