तलवार, हुकूम, लाच : मग कोरियाचं काय?

‘ख्रिस्ती धर्म रोमन बादशहाच्या हुकमाने, गोऱ्यांच्या तलवारीने आणि गरिबांना दिलेल्या लाचेने पसरला, एरवी त्याला कोणी विचारलं नसतं.’ हा मजकूर सारखा मोबाइलवर येतो, आणि चांगली वाचणारी माणसंही तो पुढे पाठवतात. तिन्ही मुद्द्यांत तथ्याचा अंश आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

आधी बादशहा. कॉन्स्टंटाइनने ३१३ मध्ये दिली ती उपासनेची मोकळीक. साम्राज्याचा धर्म ठरवणारा हुकूम निघाला ३८० मध्ये, थिओडोसियसच्या काळात. त्याआधी ३०३ मध्ये डायोक्लेशनने चर्च पाडायला आणि धर्मग्रंथ जाळायला लावले होते. तरीही ख्रिस्ती लोक टिकून होते. शिवाय रोमचा हुकूम चीनमध्ये चालत नव्हता. तिथे ६३५ मध्ये अलोपेन हा सीरियन परंपरेचा धर्मगुरू पोचला, हे ७८१ च्या शिलालेखात कोरलेलं आहे.

तलवारीबद्दल सारवासारव करण्याचं कारण नाही. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने जर्मनीतल्या सॅक्सन लोकांवर बाप्तिस्मा लादला. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, आलं, देवळं पडली, मंगेशी आणि शांतादुर्गा नदीपलीकडे फोंड्याकडे न्याव्या लागल्या. ही जखम आपल्या घरची आहे, म्हणूनच सगळं जग आपण गोव्यावरून मोजतो. पण सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत १९१० मध्ये ख्रिस्ती होते शंभरात नऊच्या आसपास, आणि २०१० मध्ये साठाहून जास्त. मधल्या काळात गोरे राज्यकर्ते निघून गेले होते! काँगोच्या सायमन किंबांगूने १९२१ मध्ये काही महिने प्रवचनं केली, तर बेल्जियन सरकारने त्याला जन्मभर तुरुंगात ठेवलं. तो १९५१ मध्ये तिथेच वारला. त्याच्या नावाचं चर्च आज लाखोंचं आहे. इथे तलवार कोणाच्या हातात होती?

आणि कोरिया. तिथल्या काही विद्वानांनी चिनी भाषेतले ख्रिस्ती ग्रंथ स्वतःच मिळवून वाचले. त्यांच्यातला यी सुंग-हून १७८४ मध्ये बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन आला आणि त्याने परतून इतरांना दिला. देशात पहिला धर्मगुरू पोचायला आणखी दहा वर्षं लागली. १८०१ मध्ये दरबाराने त्यांची कत्तल केली. पुढे बायबलचं भाषांतर झालं ते हांगुलमध्ये, म्हणजे पंडितांनी हलकी मानलेल्या, बायकांच्या आणि सामान्यांच्या लिपीत. देवासाठी शब्दही घेतला त्यांच्या बोलण्यातलाच, ‘हानानिम’. माझ्या मते प्रसाराचं सगळ्यांत मोठं कारण हेच : हा धर्म ज्याच्या त्याच्या भाषेत उतरला. त्यात कोरियावर राज्य आलं जपानचं, त्यामुळे तिथे ख्रिस्ती असणं म्हणजे परक्याच्या बाजूचं असणं नव्हतं. १९१९ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ३३ सह्या होत्या, त्यांतल्या १६ ख्रिस्ती माणसांच्या.

उरली लाच. दुष्काळात पोटासाठी धर्म बदललेली माणसं होती, हे खरं. पण पंडिता रमाबाईंना काय देऊ केलं होतं? १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या तिथल्या वरिष्ठांशी सिद्धांतांवरून भांडत राहिल्या. पुढे केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आप्त तुटले आणि पत्नी लक्ष्मीबाईंपासून पाचेक वर्षं ताटातूट झाली. त्यानंतर त्यांनी येशूवर लिहिले ते अभंग.