मार्क नकोत, चुका दाखवा

शिष्यवृत्तीचा निकाल लागला की आमच्या सिंहगड रोडला फ्लेक्सना जागा पुरत नाही. एका बाजूला भाऊ-दादांचे वाढदिवस, दुसऱ्या बाजूला गुणवत्ता यादीतली पोरं, खाली क्लासचा मोबाईल नंबर आणि "प्रवेश सुरू". पोरांचं कौतुक आहेच, 300 पैकी 270-280 काढणं म्हणजे काही खायचं काम नाही. माझं भांडण पोरांशी नाही, त्या आकड्याशी आहे. आज जरा लांबण लागणारे, ज्यांना रील बघायचेत त्यांनी खुशाल पुढे सरका.

मी घरीच सहावी ते आठवीच्या पोरांचं गणित घेते. पाटीबिटी काही नाही, सोसायटीतली आणि आजूबाजूची थोडी पोरं येतात, चटया टाकतो आणि बसतो. आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, किती पडतील?" निकालाच्या दिवशी एक तर पेढे येतात नाहीतर आठवडाभर फोन बंद. पण काय चुकलं, कुठलं गणित चुकलं, का चुकलं, हे विचारायला कुणीच येत नाही हो. जणू काही चूक म्हणजे एक रिकामी जागा, दोन मार्क गेले, विषय संपला.

आता एक गंमत सांगते. पोरांना विचारा, 0.35 मोठा की 0.8 मोठा? सातवीतली बरीच पोरं छातीठोकपणे सांगतात 0.35, कारण पस्तीस आठापेक्षा मोठे. ठीक आहे, हे चुकलं, आपल्याला कळलं तरी. पण शेजारी बसलेला दुसरा पोरगा म्हणतो 0.8, बरोबर! सगळे खूश. मी विचारलं का रे बाबा, तर म्हणे काकू, पॉइंटनंतर जितके जास्त आकडे तितका नंबर बारीक होत जातो ना. बरं, म्हटलं मग 0.85 आणि 0.8 मध्ये कोण मोठा? 0.8! अगदी बिनधास्त. म्हणजे दोघांनाही दशांश अपूर्णांक कळलेला नाहीये, फक्त एकाचा गैरसमज त्या दिवशी नेमका बरोबर उत्तरावर जाऊन पडला. पेपरात एकाला शून्य आणि दुसऱ्याला पूर्ण मार्क, आणि तो दुसरा पोरगा हाच गैरसमज घेऊन नववीत जाणार, मग तिथले सर म्हणणार याचा बेसिकच कच्चा आहे, आणि घरचे म्हणणार अहो असं कसं, त्याला तर शिष्यवृत्तीला एवढे होते!

पर्यायी प्रश्न वाईट असतात असं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट नीट काढलेल्या प्रश्नातले चुकीचे पर्याय म्हणजे सोनं असतं. 612 भागिले 6 घ्या. पर्यायांत 102 असतो आणि 12 पण असतो. तो 12 कुणी हवेतून आणलेला नाही, मधल्या एकाला सहाने भाग जात नाही तेव्हा वर शून्य द्यायचा हे जे विसरतात ते बरोब्बर तिथे जाऊन पडतात. म्हणजे पोराने कुठला गोल काळा केला यावरून त्याच्या डोक्यात काय चाललंय ते समजू शकतं. पण ती उत्तरपत्रिका मशीनमधून जाते, आणि आपल्या हातात काय येतं? टोटल.

अमेरिकेतलं एक जुनं उदाहरण आहे, मला फार आवडतं. 1978 मध्ये त्यांच्या राष्ट्रीय चाचणीत 13 वर्षांच्या पोरांना विचारलं होतं, 12/13 अधिक 7/8 याचं उत्तर साधारण किती येईल, अंदाजाने सांगा. पर्याय 1, 2, 19, 21 आणि एक "माहीत नाही". दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एकएक आहेत, म्हणजे बेरीज जवळपास 2, आकडेमोड करायचीच नाही. बरोबर उत्तर देणारे फक्त 24 टक्के. 28 टक्के म्हणाले 19 आणि 27 टक्के म्हणाले 21, म्हणजे वरचे आकडे मिळवले नाहीतर खालचे मिळवले! निम्म्याहून जास्त पोरांसाठी अपूर्णांक म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन सुटे आकडे होते, त्याला आकार नाही, वजन नाही. हे कशावरून कळलं? चुकीच्या उत्तरांवरून. नुसतं "24 टक्के पास" एवढंच छापलं असतं तर लोक म्हणाले असते अजून सराव द्या, आणि विषय तिथेच मिटला असता.

आपल्याकडे सराव तर काय विचारूच नका. अप्पा बळवंत चौकात जा, शिष्यवृत्तीच्या गाईड आणि सराव प्रश्नपत्रिकांच्या थप्प्या लागलेल्या असतात, "संभाव्य", "अतिसंभाव्य" आणि देव जाणे काय काय. परीक्षेचा साचा सगळ्यांना पाठ. दोन पेपर, प्रत्येकी दीडशे मार्कांचे, दीड तास आणि 75 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला पुरतं सव्वा मिनिटही नाही. आठवीला तर काही प्रश्नांचे दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्ही नोंदवले तरच मार्क. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे क्लासवाले पहिला धडा हाच देतात, गोल कोरा सोडायचा नाही, येत नसेल तर ठोकून द्या. सव्वा मिनिटात विचार होत नाही, आठवण होते, त्यामुळे पोरं विचार करायला शिकण्याऐवजी प्रश्न ओळखायला शिकतात. प्रश्न ओळखीचा निघाला तर धाडकन उत्तर, आणि जरा भाषा फिरवली की "काकू, हा टाइप आम्हाला घेतलेला नाहीये". टाइप! आमच्या वेळी सुद्धा क्लास होते, गाईड होती, मला काही सोन्याचे दिवस वगैरे आठवत नाहीयेत, पण हे टाइपचं प्रकरण आता फारच झालंय.

आणि ही एवढी धावपळ कशासाठी, तर 2023 ला रक्कम वाढवली तेव्हा पाचवीला वर्षाला 5000 आणि आठवीला 7500 झाले, त्याआधी तर चहापाण्यापुरतेच होते. क्लासची फी बघा आणि तुम्हीच हिशोब करा. मधल्या मधे 2016-17 ला चौथी-सातवीची परीक्षा पाचवी-आठवीला नेली, आता परत चौथी-सातवीला आणली. का नेली का आणली यावर शिक्षक लोक जास्त चांगलं बोलतील.

पण सगळ्यांनाच हा हिशोब लागू नाही, हे पण सांगायला हवं. माझ्याकडे मनपाच्या शाळेतली एक मुलगी येते, आई चार घरची कामं करते. तिच्यासाठी एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा म्हणजे खेळ नाही. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरातल्या, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या पोरांसाठी ती परीक्षा आहे, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 मिळतात. त्या घरात तेवढ्या पैशात पोरीचं शिक्षण सुटता सुटता टिकतं. त्यामुळे "परीक्षा बंद करा, पोरांना खेळू द्या" असं म्हणणारे कोथरूडचे विचारवंत मला नकोत. ही मुलगीच 612 भागिले 6 ला 12 म्हणायची. तिच्या प्रश्नपत्रिकेच्या मागे कच्चं काम होतं ते बघितलं तर प्रत्येक भागाकारात मधला शून्य गायब, एकसारखा. शंभर सराव पेपर सोडवून ते सुटलं नसतं. दहादहाचे गठ्ठे मांडून, आता एका दहाचे सहा जणांत कसे वाटशील, एकेकाला अख्खा दहा मिळतो का, नाही ना मग त्या घरात काय लिहिशील, असं बसून केल्यावर सुटलं.

आणखी एक. राज्यातलं परीक्षांचं अख्खं बिऱ्हाड पुण्यातच आहे. परीक्षा परिषद इथेच, एससीईआरटी कुमठेकर रोडला, बालभारती सेनापती बापट रोडला. तरी पुण्यातल्या सुशिक्षित पालकाला विचारा परख म्हणजे काय, तोंडाकडे बघत राहील. परख म्हणजे शाळेतल्या पोरांना काय येतं ते तपासणारं केंद्राचं सर्वेक्षण. 4 डिसेंबर 2024 ला त्यात देशभर तिसरी, सहावी, नववीच्या 21 लाखांवर पोरांची चाचणी झाली. सहावीतल्या फक्त 53 टक्के पोरांना दहापर्यंतचे पाढे नीट वापरता आले. अर्धा, पाव असे नेहमीचे अपूर्णांक ओळखणं, त्यांची तुलना करणं किती जणांना जमलं, तर 29 टक्के. एकोणतीस! महाराष्ट्र सरासरीपेक्षा बरा आहे म्हणून हुश्श करायचं असेल तर करा. पण ह्याचा फ्लेक्स लागत नाही, कारण त्यात कुणाच्या पोराचं नाव नसतं. असर नावाच्या सर्वेक्षणाचं तर अजून बरं, आठवीतल्या निम्म्याहून जास्त पोरांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नाही हे 2024 च्या अहवालात आलं, पण ते सर्वेक्षण ग्रामीण भागातलं, त्यामुळे आम्ही शहरवाले "तिकडे असेल बाबा" म्हणून मोकळे. पण असरची एक गोष्ट मला मनापासून पटते, तिथे कुणीतरी माणूस पोराच्या घरी जाऊन समोर बसतो आणि एकेकाला विचारतो. गोल नाही, पर्याय नाहीत.

शाळेत संकलित चाचण्या होतात तिथे शिक्षकांना मार्क चॅटबॉटवर भरायला लावतात, माझी एक मैत्रीण झेडपीला आहे, ती म्हणते भरता भरताच वेळ जातो, बघायचं कधी. इथेच सगळं अडतंय. माहिती भरपूर गोळा होतेय, वर जातेय, आणि ज्या बाईंनी उद्या वर्गात उभं राहायचंय त्यांच्या हातात परत काही येत नाही.

मागणी साधीच आहे. निकालासोबत पोराने कुठल्या प्रश्नाला कुठला पर्याय निवडला ते द्या, आणि कुठल्या चुकीच्या पर्यायावर किती पोरं पडली ते शाळेनुसार द्या. मशीनने वाचलंय म्हणजे माहिती आहेच ना, कुठे नव्याने खणायची नाहीये. आणि क्लासवाल्यांनो, लावा की एकदा फ्लेक्स, "आमच्याकडे या वर्षी अपूर्णांकाचा गैरसमज दूर झालेले विद्यार्थी", फोटोसकट. मी स्वतः खाली उभी राहून सेल्फी काढीन.

तोवर एक काम करा. शिष्यवृत्तीची प्रश्नपत्रिका पोरं घरी आणतात, ती रद्दीत घालू नका. उत्तरसूची घेऊन मार्क मोजत बसू नका, जिथे चुकलंय तिथलं कच्चं काम बघा आणि पोराला न ओरडता विचारा, हे कसं केलंस रे, मला शिकव. आणि नकोच असतील ते कागद तर धायरी-वडगाव भागातल्यांनी इनबॉक्स करा, मी येऊन घेऊन जाईन. नाव, मार्क काही नको, मागचं कच्चं काम फक्त पुसू नका.