‘युरोपातल्या म्हाताऱ्यांना युरोपीय संघ नकोच’ हे खरे नाही

ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्याचा, दाखला देऊन हे विधान सध्या सगळीकडे फिरते आहे. त्यातला ब्रिटनचा भाग खरा आहे. 23 जून 2016 च्या सार्वमतात 51.9 टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली, आणि मतदानानंतरच्या पाहणीनुसार 65 वर्षांवरील साधारण 60 टक्के मतदारांनी तोच कौल दिला होता.

पण तेवढ्यावरून अख्ख्या खंडातल्या ज्येष्ठांवर शिक्का मारणे अन्यायाचे आहे. फ्रान्समध्ये 2022 च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या अंतिम फेरीत युरोपवादी मॅक्रॉन यांना सर्वाधिक साथ मिळाली ती सत्तरी ओलांडलेल्यांची, सुमारे 70 टक्के. जर्मनीत 2025 च्या संसदीय निवडणुकीत युरोपीय संघावर कडाडून टीका करणाऱ्या एएफडी या अतिउजव्या पक्षाला देशभरात 20.8 टक्के मते पडली, सत्तरीपुढच्यांमध्ये मात्र जेमतेम 10 टक्के. अशा मतांमागे इतरही कारणे असतात, हे मान्य. तरी युरोपद्वेष वयाबरोबर येतो, असे हे आकडे मुळीच सांगत नाहीत. या दोन्ही देशांतल्या निवृत्तांची बचत युरो या चलनात आहे. ते चलन सोडण्याची भाषा त्यांना धास्तावते, हेही विसरू नये.

खुद्द ब्रिटनमध्ये 1975 च्या सार्वमतात 67 टक्क्यांनी युरोपीय समुदायात (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात) राहण्याचा कौल दिला, तेव्हा महायुद्ध पाहिलेली वडीलधारी पिढी त्यात मागे नव्हती. 2016 चे बरेचसे ज्येष्ठ 1975 मध्ये ऐन तारुण्यात होते. पिढी आणि वय यांची गल्लत करून फिरणारा हा मजकूर कृपया पुढे पाठवू नका.