फ्लॅश ब्रॅकेट: मुद्दा मऊ प्रकाशाचा नाही, सावलीचा आहे

नमस्कार,

फ्लॅश ब्रॅकेटवरच्या, म्हणजे फ्लॅश लेन्सपासून लांब धरणाऱ्या जोडदांड्यावरच्या माझ्या लेखाबद्दल एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. 'छान लेख' म्हणून पुढे जाणाऱ्यांपेक्षा भांडणारा वाचक परवडतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: ब्रॅकेट म्हणजे रोलच्या जमान्यातला सांगाडा, फ्लॅश वीतभर वर नेल्याने प्रकाश मऊ होत नाही, आणि वायरलेस ट्रिगर (बिनवायरीने फ्लॅश उडवणारं यंत्र), छतावरचा बाउन्स (फ्लॅशचा उजेड छतावर आपटून खाली आणणं) नि वाढीव आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनक्षमता) हाताशी असताना लग्नात हे लोढणं कशाला?

मऊपणाचं म्हणणं शंभर टक्के मान्य. समोरच्या माणसाच्या जागेवरून प्रकाशाचा उगम केवढा दिसतो, त्यावर मऊपणा ठरतो. फ्लॅशचं तोंड चार बोटांचं. हॉट शूमध्ये (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत) ठेवा नाहीतर ब्रॅकेटवर चढवा, दोन मीटरवरच्या नवरीला ते तेवढंच दिसणार. पण मी ब्रॅकेट लावतो ते सावलीची जागा बदलायला.

उभी फ्रेम घ्या. कॅमेरा वळवला की हॉट शूमधला फ्लॅश लेन्सच्या बाजूला येतो, समजा १८ सेंटिमीटर. नवरी दोन मीटरवर, तिच्यामागे मीटरभरावर स्टेजचा पांढरा पडदा. आता तिची सावली पडद्यावर ९ सेंटिमीटर बाजूला सरकते आणि कानाशेजारी काळी कडा उमटते. मुंडावळ्यांची सावलीही गालावर तिरकी पडते. तोच फ्लॅश लेन्सच्या बरोबर वर २५ सेंटिमीटरवर न्या. सावली साडेबारा सेंटिमीटर खाली उतरते, म्हणजे बरीचशी मान-खांद्यामागे झाकली जाते. प्रकाश तितकाच कडक, पण फोटो स्वच्छ. शिवाय फ्लॅश लेन्सपासून लांब गेला की डोळे लाल होण्याचं प्रमाणही कमी होतं.

स्टँडवर उजेड पसरवणारी छत्री लावून फ्लॅश ठेवता आला तर तो केव्हाही सरस. जोडप्याचे निवांत फोटो मीही तसेच काढतो. पण मंगलाष्टका सुरू झाल्यावर? अंतरपाटाभोवती भटजी, दोन्हीकडचे मामा, करवल्या, व्हिडिओवाला, वर अक्षता टाकायला पुढे सरसावलेली मंडळी. तिथे स्टँड उभा करून दाखवा. धरायला हुशार मदतनीस असेल तर गोष्ट वेगळी.

बाउन्सचं म्हणाल, तर लॉन्सवर छतच नसतं. मांडवात असतं ते लाल-पिवळं कापड, आणि प्रकाश त्याचा रंग घेऊनच खाली येतो. हळदीच्या चेहऱ्यावर आणखी पिवळं कशाला! पांढरं, बेताच्या उंचीचं छत मिळालं की मी खुशाल बाउन्स करतो.

आयएसओने उजेड वाढल्यासारखा दिसतो, त्याची दिशा बदलत नाही. डोक्यावरच्या दिव्यांनी डोळ्यांत पडलेले खड्डे ६४०० ला सुद्धा तिथेच राहतात.

आणि ट्रिगरचं ब्रॅकेटशी वैर कुठे आहे? ब्रॅकेटवर चढवला की फ्लॅश हॉट शूमधून सुटतोच. मग टीटीएल केबल (किती उजेड टाकायचा हे कॅमेऱ्याकडून फ्लॅशला कळवणारी वायर) जोडा नाहीतर ट्रिगर. मला केबल आवडते, तिची बॅटरी संपत नाही.

घेऊन बघायचं ठरवलंत तर एक सांगतो. साध्या एल आकाराच्या ब्रॅकेटवर फ्लॅश कॅमेऱ्याच्या डावीकडे येतो. उभ्या फ्रेमला आपण सवयीने उजवा हात वर घेतो. तसं केलं की फ्लॅश खाली जातो, हनुवटीखालून उजेड येतो आणि नवरदेव भुताच्या सिनेमातला दिसतो. उजवा हात खाली घ्यायचा. ते जमत नसेल तर फ्लिप होणारं ब्रॅकेट घ्या. त्यात कॅमेरा उभा केला तरी दांडा फिरवून फ्लॅश वर आणता येतो.

वजनाबद्दल मात्र वाद नाही. मनगट दुखतंच. म्हणून विधी आणि स्टेजवरचे आहेर-फोटो आटोपले की मी ब्रॅकेट काढून बॅगेत टाकतो. पंगतीत आडव्याच फ्रेम लागतात, तिथे त्याचं काही काम नसतं.