पायांचा रंग बघा

टिलवा म्हणजे पाणकाठचा चिमुकला पक्षी. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर. एवढं लक्षात ठेवलं की झालं, असं सगळी पुस्तकं सांगतात. पुस्तकं बहुधा कोरड्या जागी बसून लिहितात. तळ्याच्या काठाला दोघेही चिखलात रुतलेले असतात, आणि बाहेर आले की दोघांचेही पाय काळेच. आपलेही. उडताना टेमिंकच्या शेपटीच्या कडा पांढऱ्याशुभ्र दिसतात, म्हणून तो उडायची वाट बघायची. तो उडतो तेव्हा आपण नेमके चष्मा पुसत असतो.

दुर्बीण ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, घ्यावी, या मताचा मी. १०पटीची घेतली की पक्ष्याइतकीच हाताची थरथरही मोठी होते, आणि पहाटेच्या थंडीत तुतवार पक्षी शेपटी हलवतोय की आपण, ते कळत नाही. निघण्याआधी उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादी पाटी स्पष्ट करायची, मग डावं झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवायची. पिशवीत घासून ती कडी वाटेतच सरकते, हा भाग वेगळा.

सकाळी तळ्याच्या पूर्व काठावर उभं राहावं, सूर्य पाठीशी राहतो. बदकांना हे ठाऊक असावं, कारण ती पश्चिम काठाला चिकटून बसतात. वळसा घालून तिकडे गेलं की सूर्य थेट डोळ्यांत, आणि तलवार बदक, चक्रांग, भुवई बदक सगळी एकाच काळ्या कागदातून कापल्यासारखी. थापट्या तेवढा ओळखू येतो. चोच कसली, कालथाच तो! तोही नीट बघून होत नाही, तोवर टिटवी बोंब ठोकते आणि अख्खं तळं उठतं.

मग शेतं. गप्पीदास पक्षी बिचारा काडीच्या टोकावर बसून फोटो काढू देतो. तिरचिमणी मात्र ढेकळांतून तुरुतुरु चालते, आणि ढेकळाच्याच रंगाची असते. ती रिचर्डची तिरचिमणी की ब्लाइदची, ही जात ठरवायची तर म्हणे मागच्या बोटाचं नख बघा, रिचर्डचं जास्त लांब. गवतात, चाळीस पावलांवरून, नख! तरी आपण गुडघे टेकतो, श्वास धरतो, चाक केसभर फिरवतो. ती उडते. नखांसकट.